थंडीत मिटणारे मोबाइल, झोपेत चढणारी घड्याळे : ज्येष्ठ भटक्यांचे प्रश्न

निवृत्तीनंतर डोंगरवाटा धरणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या वेळी मात्र पायवाटांपेक्षा खिशातल्या यंत्रांचीच तक्रार मोठी होती. बहुतेक पत्रांत थोडा ओशाळलेला सूरही होता, की यंत्र बिघडले आहे की वयोमानाने आपल्यालाच ते जमेनासे झाले आहे. पुढील उत्तरांत वयाचा संबंध जिथे खरोखर येतो तिथे तो स्पष्ट सांगितला आहे, आणि जिथे येत नाही तिथे तो उगाच माथी मारून घेऊ नये.

प्रश्न : मी सत्तरी ओलांडलेला पदभ्रमणकर्ता आहे. एका बर्फाळ खिंडीच्या अलीकडे वाटेला फाटे फुटले, तिथे नकाशा पाहण्यासाठी मोबाइल काढला. बॅटरी चाळीस टक्क्यांच्या आसपास दिसत होती आणि पाहता पाहता पडदा काळा झाला. रात्री मुक्कामाच्या उबदार खोलीत तोच मोबाइल चार्जरला न लावता सुरू झाला आणि जवळजवळ तेवढेच टक्के दाखवू लागला. दुरुस्तीवाला म्हणतो मोबाइलमध्ये दोष नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही काहीतरी भलतंच दाबलं असेल.’ शिवाय दहा हजार मिलिॲम्पिअर-तासांच्या पॉवर बँकेवर माझा पाच हजारांचा मोबाइल दोनदा पूर्ण भरायला हवा, तो कधीच भरत नाही. ही फसवणूक आहे का?

उत्तर : दुरुस्तीवाला खरे सांगतो आहे, आणि तुम्ही भलतेसलते काहीही दाबलेले नाही. मोबाइलमधील लिथियम-आयन बॅटरीत विद्युतभार वाहून नेणारे आयन एका द्रावणातून ये-जा करतात. तापमान उतरले की ही ये-जा मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. म्हणजे चार्ज आत शिल्लक असतो, परंतु मागितला त्या क्षणी तो पुरेशा वेगाने बाहेर येऊ शकत नाही. आता तुमच्या खिंडीतला प्रसंग पाहा. नकाशा उघडला, उन्हात दिसावा म्हणून पडदा पूर्ण उजळला, प्रोसेसर कामाला लागला, उपग्रहांचे संदेश पकडणारा भागही जागा झाला. एवढी मागणी एकदम आल्यावर गारठलेल्या बॅटरीचे व्होल्टेज घसरले आणि ते ठरावीक मर्यादेखाली जाताच मोबाइलने स्वतःला बंद करून घेतले. रात्री ऊब मिळाल्यावर रोध कमी झाला आणि अडकून पडलेला चार्ज पुन्हा हाती आला. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा हा मोजलेला साठा नसून व्होल्टेज आणि आजवरचा वापर यांवरून बांधलेला अंदाज असतो, आणि तो अंदाज प्रामुख्याने खोलीच्या तापमानाला धरून बांधलेला असतो. कितीतरी मोबाइलच्या माहितीपत्रकात वापरासाठी 0 ते 35 अंश सेल्सिअस ही मर्यादा बारीक अक्षरांत छापलेली असते, पण जाहिरातीत मात्र हिमशिखराचे चित्र असते, हा विरोधाभास उत्पादकांना खटकत नाही याचे नवल वाटते. बॅटरी जुनी झाली की तिचा रोध मुळातच वाढलेला असतो, म्हणून काही वर्षांपूर्वी ज्या थंडीत हाच मोबाइल टिकला त्या थंडीत तो आज टिकेलच असे नाही.

उपाय साधे आहेत, पण ते निघण्यापूर्वीपासून पाळावे लागतात. मोबाइल सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता अंगालगतच्या आतल्या खिशात ठेवावा, काम झाले की लगेच परत ठेवावा, आणि रात्री तो आपल्याबरोबर स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावा. चालताना तो विमान मोडवर ठेवावा. रेंज नसलेल्या भागात मोबाइल टॉवरच्या शोधात सतत अधिक शक्ती खर्च करत राहतो आणि बॅटरी त्यातच संपते. विमान मोडवर जागा कळणार नाही अशी भीती अनेकांना वाटते, ती अनाठायी आहे. मोबाइल उपग्रहांकडे काहीच पाठवत नाही, फक्त त्यांचे संदेश ऐकतो, त्यामुळे नेटवर्क नसतानाही जागा कळते. नेटवर्क असले तर पहिल्यांदा जागा सापडायला कमी वेळ लागतो, एवढाच फरक. नकाशा मात्र आधीच उतरवून घेतलेला हवा, आणि तो खरोखर उतरला आहे की नाही हे घरीच विमान मोड लावून, नकाशा मोठा करून पाहावे. ‘डाउनलोड पूर्ण’ या सूचनेवर विसंबून निघालेल्यांना वाटेत रस्त्याच्या रेषांऐवजी रिकामे राखाडी चौकोन पाहावे लागले आहेत.

मोबाइल थंडीने बंद पडलाच, तर तो लगेच पॉवर बँकेला जोडू नये. शून्य अंशाखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि ती हानी कायमची असते. आधी तो काही वेळ काखेशी किंवा पोटाशी धरून ऊब द्यावी, मग सुरू करावा. उबदार खोलीत शिरतानाही तो घट्ट बंद पिशवीत ठेवावा, म्हणजे हवेतील बाष्प गार मोबाइलवर न जमता पिशवीच्या बाहेरच्या बाजूवर जमेल.

पॉवर बँकेच्या आकड्यात खोटेपणा नसतो, पण तो तुमच्या कामाचाही नसतो. आतल्या सेलचे सरासरी व्होल्टेज सुमारे 3.7 असते, म्हणजे दहा हजार मिलिॲम्पिअर-तासांत ऊर्जा भरते 37 वॅट-तास. पाच हजारांच्या मोबाइलला सुमारे 19 वॅट-तास लागतात. कागदावर हा हिशोब दोन वेळांच्या जवळ जातो. प्रत्यक्षात व्होल्टेज आधी 5 पर्यंत चढवताना, मग मोबाइलमध्ये पुन्हा उतरवताना आणि केबलमधून जाताना पाव ते एकतृतीयांश ऊर्जा उष्णतेत जाते. मोबाइल एकदा पूर्ण भरून वर थोडे उरले, तर पॉवर बँक ठीक आहे असे समजावे. खरेदी करताना वॅट-तासांचाच आकडा पाहण्याची सवय लावावी. विमानप्रवासातही तोच विचारला जातो, कारण 100 वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक साधारणपणे हातातल्या सामानात नेता येते, आणि ती वेगळ्या जमा केलेल्या बॅगेत टाकायची नसते.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी साठी उलटलेल्या. एकाच वाटेने बरोबर चालतो, तरी संध्याकाळी तिचे घड्याळ माझ्यापेक्षा एखादा किलोमीटर जास्त सांगते आणि त्यावरून आमची थट्टामस्करी चालते. उंचीचे तर विचारूच नका. परवा तंबूत झोपलेलो असताना माझे घड्याळ रातोरात पन्नास मीटर वर चढले! कोणाच्या घड्याळावर विश्वास ठेवावा?

उत्तर : अंतराच्या बाबतीत दोघींच्याही घड्याळावर सारखाच, म्हणजे बेताचा. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि जागा ठरवण्यासाठी त्यांपैकी किमान चारांचे संदेश लागतात. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइललाही जागा सुमारे पाच मीटरच्या आत सापडते. परंतु अरुंद दरीत तेच संदेश कड्यांवर आपटून उशिरा पोचतात, दाट झाडीत क्षीण होतात, आणि चूक वाढते. घड्याळ ठरावीक वेळाने असे एकेक ठिकाण टिपते आणि ती ठिकाणे सरळ रेषांनी जोडून अंतर काढते. जे घड्याळ बॅटरी वाचवण्यासाठी विरळ ठिकाणे टिपते ते नागमोडी चढावरची वळणे कापून टाकते, म्हणून अंतर कमी भरते. जे दर सेकंदाला टिपते ते वळणे पकडते, पण तुम्ही थांबलेल्या असतानाही थरथरत्या ठिकाणांची बेरीज करत राहते. घरी आल्यावर आपल्या वाटेची रेषा पडद्यावर मोठी करून पाहा : जिथे तुम्ही झाडाखाली बसून पाय मोकळे केलेत, तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखा रेषांचा गुंता दिसेल. बसल्या बसल्या केलेली ती भटकंतीही त्या किलोमीटरमध्ये धरलेली असते. दोन्ही घड्याळांत टिपण्याचा वेग सारखा ठेवा आणि विश्रांतीच्या वेळी नोंद थांबवा. फरक बराच उतरेल. पूर्ण जाणार नाही, आणि थट्टेसाठी थोडा उरलेला बरा.

उंचीची गोष्ट वेगळी आणि अधिक रंजक आहे. तुमच्या घड्याळात वायुदाबमापक असणार. वर चढावे तसा हवेचा दाब कमी होतो, समुद्रसपाटीजवळ दर आठ-साडेआठ मीटरला सुमारे एक हेक्टोपास्कल, आणि यावरून घड्याळ उंची काढते. पण दाब हवामानानेही बदलतो, आणि दाब कशामुळे उतरला हे घड्याळाला कळण्याचा मार्ग नसतो. झोपलेल्या माणसाभोवतीचा दाब उतरला तरी ते म्हणणार की माणूस वर गेला. पन्नास मीटरची चढाई म्हणजे रात्रीत पाच-सहा हेक्टोपास्कल दाब घसरला, आणि इतका दाब घसरणे हे हवा बिघडू लागल्याचे लक्षण मानले जाते. म्हणजे तुमच्या घड्याळाने उंची चुकीची सांगितली, पण सकाळी तंबूतून डोके बाहेर काढण्याआधी कळावी अशी बातमी मात्र नेमकी दिली. रात्री झोपताना उंचीचा आकडा लिहून ठेवण्याची सवय लावा, सकाळी तो बराच वाढलेला दिसला तर दिवसाचा बेत पुन्हा तपासा, आणि निघताना नकाशावरील ज्ञात उंचीवर घड्याळ जुळवून घ्या. खिंड, पाण्याचा ठाव, उंची लिहिलेली पाटी असे काहीही वाटेत आले की पुन्हा जुळवा. उपग्रहांवरून काढलेली उंची यापेक्षा बरी असेल असे समजू नका; सगळे उपग्रह डोक्यावरच असल्यामुळे उभ्या दिशेतील चूक आडव्या दिशेपेक्षा नेहमीच मोठी असते.

पत्राच्या शेवटी तुम्ही ॲपने सांगितलेली वेळ कधीच साधत नाही असेही लिहिले आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये एक ठोकताळा मांडला होता : सपाटीवर दर पाच किलोमीटरना एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. पुष्कळ अंदाज आजही याच धर्तीवर बांधले जातात. तो धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा हिशोब आहे. आपल्या काही वाटांचा प्रत्यक्ष वेळ या ठोकताळ्याशी ताडून पाहिला, की आपले स्वतःचे प्रमाण सापडते. ते दीडपट निघाले तर प्रत्येक अंदाजाला दीडने गुणावे. उतारावर वेळ वाचतो हे तरुण गुडघ्यांचे गणित आहे, ते आपण धरू नये.

प्रश्न : मोबाइल माझे बोट ओळखत नाही. पावसात तर तो आपल्या मनाने वाटेल ते उघडतो, आणि उन्हात पडदा पूर्ण काळा दिसतो. माझ्या नातवाच्या हातात तोच मोबाइल शहाण्यासारखा वागतो.

उत्तर : इथे वयाचा थोडा संबंध खरोखर आहे. वाढत्या वयात बोटांच्या टोकांवरील रेषांचे कंगोरे झिजून सपाट होतात आणि त्वचा कोरडी पडते. कंगोऱ्यांवर अवलंबून असणारा ठशाचा संवेदक तिथे अडखळतो. पडदाही त्वचेतून होणारा सूक्ष्म विद्युत बदल जाणतो, आणि कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाचा तो बदल क्षीण असतो. पावसाचा थेंब मात्र विद्युतवाहक असल्यामुळे पडद्याला बोटासारखाच भासतो. ठशाऐवजी आकडी संकेत ठेवा, एकच बोट वेगवेगळ्या कोनांतून नोंदवून ठेवा, बोट किंचित ओलसर करून पाहा, पाऊस असेल तेव्हा मोबाइल पारदर्शक जलरोधक पिशवीत ठेवा, आणि फोटोसाठी आवाजाचे बटण वापरा, कारण ती सोय बहुतेक मोबाइलमध्ये असते. यंत्रांवरची खरी बटणे एकेक करून काढून टाकण्याची जी लाट आली, तिने हातमोजे घालणाऱ्या प्रत्येकाची गैरसोय केली आहे, मग तो विशीतला असो वा सत्तरीतला.

उन्हात पडदा काळा दिसण्याचे कारण बहुधा तुमच्या डोळ्यांवर आहे. पोलरॉइड गॉगल एकाच प्रतलातील प्रकाश आत सोडतो आणि अनेक पडद्यांमधून येणारा प्रकाशही एकाच प्रतलातील असतो. ही दोन प्रतले काटकोनात आली की पडदा काळाठिक्कर. मोबाइल आडवा करून पाहा.

प्रश्न : माझे जुने होकायंत्र दक्षिणेकडे बोट दाखवून उत्तर म्हणू लागले आहे. असे होऊ शकते?

उत्तर : होऊ शकते, आणि मोबाइलच्या कव्हरमध्ये चुंबक आल्यापासून ते वारंवार होते. होकायंत्राची सुई म्हणजे एक दुबळा चुंबक. तो शक्तिशाली चुंबकाशेजारी, सॅकच्या त्याच कप्प्यात राहिला की त्याचे ध्रुव उलटू शकतात. अर्धवट उलटलेली सुई अधिक घातक, कारण ती आळसावते आणि दर वेळी निराळीकडे थांबते. होकायंत्र मोबाइलपासून दूर, दुसऱ्या बाजूच्या खिशात ठेवा, आणि प्रत्येक भटकंतीआधी ते सूर्याशी किंवा ओळखीच्या दिशेशी ताडून पाहा. हे मात्र बदलून टाका.

प्रश्न : चढावर माझे घड्याळ कधी नाडी अवास्तव वाढल्याचा इशारा देते, तर कधी दमछाक झालेली असताना सारे आलबेल असल्याचे सांगते. मी रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. घड्याळाचे ऐकावे का?

उत्तर : मनगटावरचे घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून रक्ताचा प्रवाह जोखते. थंडीत त्वचेकडे रक्त कमी येते, पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि कधी कधी घड्याळ नाडीऐवजी पावलांचीच लय पकडून बसते. नाडीचा आकडा मिनिटाला पडणाऱ्या पावलांइतकाच दिसत असेल तर संशय घ्यावा. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, जरा घट्ट बांधावा. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युतसंकेत टिपतो, म्हणून तो अधिक भरवशाचा.

इशाऱ्याची मर्यादा कुठून येते तेही पाहा. पुष्कळ घड्याळे 220 मधून वय वजा करतात. ती सरासरी आहे. निरोगी माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तुमच्या गोळ्या बीटा-ब्लॉकर प्रकारातील असतील तर त्या नाडी मुळातच खाली ठेवतात, आणि मग दमछाक होऊनही घड्याळ शांत राहते. आपल्याला लागू पडेल अशी मर्यादा डॉक्टरांना विचारून घड्याळात भरून घ्या. चालताना एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येते का, ही कसोटी घड्याळाइतकीच उपयोगी आहे. छातीत दुखणे, घेरी, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांपैकी काहीही झाले की आकडा न पाहता थांबावे.

प्रश्न : नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून उतरताना पाऊल चुकते. नंबर चुकला असेल का?

उत्तर : नंबर बरोबर असूनही असे होते. या चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो आणि उतारावर तुम्ही नेमके त्याच भागातून पावलापुढची जमीन पाहता, म्हणून दगड धूसर दिसतो आणि त्याचे अंतर चुकते. डोंगरासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करावा आणि नकाशा वाचण्यासाठी वाचनाचा चष्मा गळ्यात दोरीने अडकवावा.

प्रश्न : मी एकटी भटकते. मुलांच्या आग्रहाखातर मोबाइलवर माझा ठिपका त्यांना सतत दिसेल अशी व्यवस्था केली. पण ठिपका थांबला की त्यांचा जीव टांगणीला लागतो आणि रेंजमध्ये आले की ओरडा मला बसतो. आता ते आणीबाणीचे उपग्रह यंत्र घ्या म्हणतात. एका परिचितांनी आपले जुने यंत्र देऊ केले आहे. घ्यावे का?

उत्तर : जुने यंत्र घेण्यापूर्वी ते कोणत्या लहरींवर चालते ते पाहा. आणीबाणीच्या संकेतांसाठीच्या कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेमुळे पहिली सुटका 1982 मध्ये झाली, आणि तिचे उपग्रह आज 406 मेगाहर्ट्झवरील संकेत घेतात. जुन्या 121.5 मेगाहर्ट्झच्या संकेतांची उपग्रहांमार्फत दखल घेणे 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद झाले आहे, त्यामुळे केवळ त्याच लहरींवर चालणारे यंत्र वरच्यांना ऐकूच येणार नाही. यंत्र 406 चे असेल तरी त्याची नोंदणी तुमच्या नावावर व्हायला हवी. अन्यथा संकेत मिळाल्यावर शोधपथक परिचितांच्या घरी चौकशी करील. बॅटरी बदलण्याची मुदत यंत्रावरच छापलेली असते. असे यंत्र सुरू केल्यावर किमान चोवीस तास संकेत देत राहील अशी त्याची रचना असते, मात्र अँटेना उभा आणि वर आकाश मोकळे हवे. संदेशांची देवाणघेवाण करणारी यंत्रे वेगळी, ती खासगी उपग्रहांवर चालतात आणि वर्गणी थकली की मुकी होतात. काही देशांत उपग्रहाशी बोलणारे यंत्र विनापरवाना बाळगणे हाच गुन्हा आहे, तेव्हा प्रवासाच्या देशाचा नियम आधी पाहावा.

ठिपक्याचा प्रश्न यंत्राने सुटणार नाही, तो मुलांशी ठरवून सुटेल. ठिपका थांबण्याची कारणे अनेक असतात : रेंज गेली, ॲपने बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःला झोपवले, किंवा तुम्ही सावलीत बसलात. म्हणून ठिपका हा धोक्याचा संकेत मानायचा नाही असे स्पष्ट ठरवा. त्याऐवजी वाट, परतीची वेळ, त्यापुढे धरलेले दोन-तीन तास आणि नंतर कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून त्यांच्याकडे ठेवा. तुमच्याजवळ शिटी असू द्या. मिनिटाला सहा शिट्या, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा, हा संकटाचा संकेत आल्प्समध्ये 1894 पासून रूढ आहे. रात्री हेच टॉर्चने करता येते आणि उत्तरादाखल मिनिटाला तीन संकेत येतात. टॉर्चच्या खोक्यावर लिहिलेले तास पूर्ण उजेडाचे नसतात, कारण प्रचलित मापनपद्धतीत उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ धरतात. म्हणून जादा सेल बरोबर ठेवा.

नवे यंत्र घेतलेत तर चाचणीचे बटण माहितीपुस्तिकेत सांगितले असेल तेवढ्याच वेळा दाबा, कारण प्रत्येक चाचणी त्याच बॅटरीतून खर्च होते.